कोलंबो: खुनी आधीच कळतो, मग तासभर बघायचं काय?

प्रश्न असा आहे की 'कोलंबो' या अमेरिकी पोलीस-तपासाच्या टीव्ही मालिकेत खून कुणी केला ते सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांतच दाखवून टाकतात, मग पुढे उरतं काय? आणि बघायला सुरुवात कुठून करावी?

उरतं ते सगळं! खुनी कोण, हा रहस्यकथेतला सगळ्यात लवकर शिळा होणारा माल. लेव्हिन्सन आणि लिंक या मालिकेच्या जनक जोडीने तो पहिल्याच फटक्यात वाटून टाकला, म्हणून १९७१ साली सुरू झालेली ही मालिका आजही तिसऱ्यांदा बघता येते. खुनी चुकला कुठे, एवढंच आपण शोधायचं. चूक आपल्यासमोरच झालेली असते आणि तरी आपल्याला दिसलेली नसते.

'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' हा १९७३चा भाग घ्या. (शेवट फोडतोय, नको असेल तर थेट शेवटच्या परिच्छेदावर जा.) एड्रियन कार्सिनी हा वाइनचा जबरदस्त जाणकार. सावत्र भाऊ वायनरी विकायला निघतो, तेव्हा रागाच्या भरात कार्सिनी त्याच्या डोक्यात वस्तू हाणतो. भाऊ मरत नाही. मग त्याला बांधून तळघरात टाकतो, तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो आणि न्यूयॉर्कला निघून जातो. आठवड्याने परत येऊन प्रेताला पाणबुड्याचा पोशाख चढवतो आणि समुद्रात टाकतो. अपघात वाटावा म्हणून.

तपासाला आलेल्या पोलीस अधिकारी कोलंबोला आधी खटकतात त्या साध्या गोष्टी. मरण्याआधी दोन दिवस त्या माणसाच्या पोटात अन्न नव्हतं. पोहायला जाणारा उपाशी कशाला जाईल? त्याची गाडी म्हणे आठवडाभर किनाऱ्यावर उभी होती, मधे पाऊस पडून गेला, आणि गाडी मात्र चकचकीत.

पण खरी मेख तळघरात आहे. स्विच बंद होताना आपण पाहतो आणि मनात येतं ते फक्त गुदमरणं. वाइनचा विचार कुणी करत नाही, खुद्द कार्सिनीही नाही. त्याच आठवड्यात एक दिवस पारा १०९ फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास ४३ सेल्सिअसवर गेलेला असतो. नाशिककडच्या वायनरी पाहिलेल्यांना माहीत असेल, साठवणीची जागा साधारण १२ ते १५ अंशांवर राखावी लागते. थंडावा बंद म्हणजे साठा गेला.

आता अडचण अशी की वाइन बिघडली हे सांगणार कोण? कोलंबोच्या जिभेला तो फरक कळणार नाही. तो कळणारा माणूस म्हणजे खुद्द खुनी. म्हणून कोलंबो त्याला जेवायला नेतो, त्याच्याच तळघरातली पोर्टची (कडक, गोडसर वाइनची) बाटली गुपचूप हॉटेलात पोचवतो आणि ती टेबलावर येते. कार्सिनी एक घोट घेतो आणि भर हॉटेलात भडकतो. स्वतःविरुद्धची साक्ष तो स्वतःच देतो, तीही अभिमानाने!

म्हणून जे म्हणतात 'हा पुरावा कोर्टात एक दिवस टिकणार नाही', त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही. त्यांना पंचनामा हवा असतो. इथे खुनी ज्या गोष्टीवर जीव टाकतो, तीच त्याला धरून देते. वाइनवाला खोटं बोलू शकतो, पण बिघडलेल्या वाइनला चांगली म्हणू शकत नाही. कबुलीची तयारीही आधीपासून आहे: सेक्रेटरीने त्याच्यासाठी खोटी साक्ष दिलीय आणि बदल्यात तिला लग्न हवंय. त्यापेक्षा त्याला तुरुंग बरा वाटतो.

असं कथानक स्वतः लिहायला घेणारे नेमके इथेच फसतात. खुनी मूर्ख करतात, किंवा चुकीवर कॅमेरा रोखून ढॅण् करून संगीत वाजवतात. चूक ही खुनाच्याच कामाचा भाग हवी, वेगळी दाखवली की मेली. आणि पोलिसाचा विषय वेगळा, खुन्याचा वेगळा हवा. मळका रेनकोट, जुनी प्यूजो गाडी, बायकोच्या गोष्टी, या सगळ्यामुळे समोरचा मोठा माणूस त्याला शिकवायला लागतो आणि शिकवताना बोलून जातो. नुसता रेनकोट उचलून काही होत नाही.

एक मान्य करतो: पोर्टमध्ये मद्यार्क जास्त असतो, ती साध्या वाइनपेक्षा उष्णता बरी सोसते, आणि बाहेर ४३ असलं तरी तळघर तेवढं तापत नाही. शिवाय काही भागांत पुरावा खरोखरच लेचापेचा आहे, १९८९नंतरच्या भागांत तर जास्तच.

सुरुवात १९६८च्या पहिल्या 'कोलंबो' चित्रपटापासून नको, त्यात कोलंबो झालेला पीटर फॉक अजून नीटनेटका आणि धारदार आहे. १९७१चा 'मर्डर बाय द बुक' लावा, दिग्दर्शक चोवीस वर्षांचा स्पीलबर्ग. पहिली पंधरा मिनिटं पुढे ढकलू नका. आणि खुनी आपल्या भागीदाराचं प्रेत स्वतःच्याच अंगणात 'सापडल्याचं' सांगतो, तेव्हा त्या दिवशी आलेल्या टपालाचं त्याने काय केलंय ते बघा.