पित्तनलिकेच्या ब्रश सायटोलॉजीत कॅन्सर दिसला नाही, म्हणजे कॅन्सर नाही असं धरायचं का?

नाही, तसं धरू नका. तुम्ही लिहिलंय की वडिलांना कावीळ झाली, ईआरसीपी करून (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचून) स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकला, त्याच वेळी ब्रशने घेतलेल्या पेशींचा रिपोर्ट 'ॲटिपिकल' (पेशी नेहमीसारख्या नाहीत, पण कॅन्सर म्हणता येईल इतक्याही नाहीत) आला, तरी सर्जन कॅन्सर धरूनच बोलतायत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट लिहिते. सर्जन तुम्हाला उगाच घाबरवत नाहीयेत.

पित्तनलिकेचा कॅन्सर बहुतेकदा नळीत गाठ होऊन वाढत नाही, तो भिंतीतून आडवा पसरतो. भोवती चिवट, तंतुमय ऊती तयार होते आणि तिच्यात कॅन्सरच्या पेशी इथे चार, तिथे दोन अशा विखुरलेल्या असतात. ब्रश खरवडतो ते फक्त आतलं अस्तर. त्यामुळे कॅन्सर असूनही ब्रशमध्ये तो साधारण निम्म्याच रुग्णांत सापडतो. 'पॉझिटिव्ह' आलेला रिपोर्ट मात्र क्वचितच चुकतो.

दुसरी अडचण सूज. निरोगी पेशी स्लाइडवर मधाच्या पोळ्यासारख्या नीट बसलेल्या दिसतात. कॅन्सरमध्ये ही घडी विस्कटते, एकाच पुंजक्यात एका पेशीचं केंद्रक (पेशीचा मधला गाभा) दुसरीच्या चौपट मोठं दिसतं, त्याची कड वेडीवाकडी होते. पण खडा, जंतुसंसर्ग किंवा स्टेंट यांच्यामुळे चिडलेल्या पेशींचीही केंद्रकं फुगतात. एकदा माझ्याकडे आलेल्या फॉर्मवर फक्त 'कावीळ' लिहिलं होतं. पेशी इतक्या बिघडलेल्या होत्या की मी 'संशयास्पद' लिहिणार होते. फोन केल्यावर कळलं, तीन महिने स्टेंट होता आणि नळीत पू झाला होता. मग मी 'ॲटिपिकल' लिहिलं आणि पुन्हा नमुना मागवला. हा शब्द जबाबदारी टाळायला वापरत नाही आम्ही, स्लाइड खरंच तेवढंच सांगत असते. ती अल्कोहोलमध्ये बुडवायला जरा उशीर झाला तरी पेशी वाळून फुगतात, आणि मग तेवढंही सांगता येत नाही.

तेव्हा आधी रिपोर्टमध्ये बघा, पेशी पुरेशा होत्या का आणि स्टेंटचा उल्लेख आहे का. स्लाइड दुसऱ्या अनुभवी सायटोलॉजिस्टला दाखवायला मागून घ्या, ते तुमच्या हक्काचं आहे. पुन्हा नमुना घ्यायचा ठरला तर ब्रशसोबत चिमट्याने बायोप्सी, किंवा सोय असेल तर नळीत कॅमेरा घालून नेमक्या जागेची बायोप्सी होईल का ते विचारा. सीए १९-९ या रक्तातल्या कॅन्सर-खुणेवर एकट्यावर विसंबू नका: नुसत्या अडकलेल्या पित्तानेही ते वाढतं, आणि काही लोकांच्या शरीरात ते तयारच होत नाही. रक्तातलं आयजीजी४ हे प्रतिपिंड (अँटीबॉडी) मात्र जरूर तपासून घ्या. ते वाढणारा एक सुजेचा आजार असतो, त्यात नळी हुबेहूब कॅन्सरसारखी अरुंद होते, आणि तो स्टेरॉइडने आटोक्यात येतो.

अडथळा यकृताच्या तोंडाशी असेल तर बाहेरून सुई घालून नमुना घेण्याची घाई नको. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याची भीती असते आणि त्यामुळे यकृत प्रत्यारोपणाचा पर्यायही हातचा जाऊ शकतो. आधी सर्जनशी बोला. स्कॅन ठळक असेल आणि गाठ काढता येण्यासारखी असेल, तर पेशींचा पुरावा नसतानाही ऑपरेशन करतात, कारण वाट बघण्यात ती संधी निघून जाते. तुमचे सर्जन बहुधा याच विचाराने बोलत असावेत. स्कॅनवर त्यांना नेमकं काय दिसलं, ते त्यांना दाखवायला सांगा.