औषधांच्या रिकाम्या पाकिटांपासून काही घडवणं म्हणजे आजार गोंजारत बसणं का?

साठलेली पाकिटं टाकवत नाहीत, त्यांचं काही करावंसं वाटतं, पण मग आजारातून बाहेरच पडणार नाही अशी भीती वाटते, असं तुम्ही विचारलंय. मला ११ वर्षं आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तीच भीती घेऊन मीही सुरुवात केली होती.

मी आठवड्यात रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप जाड दोऱ्याने जोडते. आठवड्याची एक ओळ. सकाळी बोटं तासभर तरी आखडलेली असतात, म्हणून काम दुपारी, तेही दहाच मिनिटं. कात्री धरवत नाही, त्यामुळे स्ट्रिप कापायची नाही हे आपोआप ठरलं. भोकं पाडायला तळहाताने दाबायचा पंच. सांधे सुजलेल्या आठवड्यात ओळ होत नाही, तिथे दोरा नुसता पुढे जातो. आधी या मोकळ्या जागा मी नंतर भरून काढायचे. एकदा लक्षात आलं की यात माझे सगळ्यात वाईट आठवडेच पुसले जातायत. मग सगळं उसवलं. आता पाहणाऱ्याची नजर त्या मोकळ्या जागांवरच थांबते.

ब्रिटिश म्युझियममध्ये जाळीदार विणीत गोळ्या गुंफलेले दोन लांबलचक पट्टे आहेत, एक बाईचा, एक पुरुषाचा. ब्रिटनमध्ये सरासरी माणसाला आयुष्यभरात लिहून दिल्या जाणाऱ्या १४,००० हून अधिक गोळ्या प्रत्येकात आहेत. पण सरासरी माणसाला वाईट आठवडा नसतो. तुम्हाला असतो, म्हणून तुमचं काम वेगळंच होईल. स्ट्रिपची फुलं-फुलपाखरं मात्र करू नका असं मला मनापासून वाटतं. गोंजारणं असेल तर ते त्यात आहे.

सुया आणि लॅन्सेट (रक्त तपासताना बोटाला टोचायची बारीक सुई) अजिबात वापरू नका. मेथोट्रेक्झेट या आमवातावरच्या औषधाची पाकिटंही मी घेत नाही, त्याची पूड हाताला लागणं चांगलं नाही. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, म्हणून तिच्या जागी ओळीच्या शेवटी काळी गाठ मारते.

ईसीजीचा कागद वापरणार असाल तर आधी झेरॉक्स काढून ठेवा. त्यावरची रेघ उष्णतेने उमटवलेली असते, उजेडात फिकट होत जाते. किंवा मूळ कागदच भिंतीवर लावून त्या रेघेला हळूहळू फिकट होऊ द्यायचं. हे मी अजून केलेलं नाही, पण एक कागद त्यासाठी बाजूला काढून ठेवलाय.