‘आरक्षित’ की ‘राखून ठेवलेला’?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मूळनिवासी जमातींच्या मासेमारीवरचा लेख मराठीत आणताना ‘ट्रीटी रिझर्व्ह्ड राइट्स’ला ‘करारान्वये आरक्षित अधिकार’ म्हटलेलं चालेल का? आणि सॅमनला रावस म्हणावं का?

नाही. करार, आरक्षित, अधिकार हे तिन्ही शब्द बदला आणि ‘तहात राखून ठेवलेला हक्क’ म्हणा.

सगळ्यात घातक शब्द ‘आरक्षित’. आज मराठीत आरक्षण म्हटलं की सरकारने कुणासाठी तरी बाजूला काढलेला वाटा डोळ्यांपुढे येतो. देणारं सरकार, घेणारा समाज. इथे देणाऱ्या होत्या जमाती. २६ डिसेंबर १८५४ रोजी अमेरिकी सरकारशी झालेल्या मेडिसिन क्रीकच्या तहात निस्क्वाली, पुयालप वगैरे जमातींनी लाखो एकर जमीन सोडली, पण मासे धरण्याचा हक्क सोडला नाही. शेत विकताना बांधावरच्या आंब्याचा हक्क राखून ठेवावा, तसं. तो आंबा काही नव्या मालकाने दिलेला नसतो! यकामा जमातीच्या खटल्यात १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: तहाने जमातींना हक्क दिले नाहीत, जमातींनीच ते दिले, आणि जे दिले नाहीत ते त्यांच्याकडे राहिले. ‘राखीव’ही टाळा, कारण राखीव जागा आणि राखीव जंगल लगेच आठवतात. शिवाय जमातींच्या वस्तीच्या जमिनीला तिकडे रिझर्व्हेशनच म्हणतात, आणि खरा झगडा होता त्या जमिनीबाहेरच्या नद्यांवरचा.

‘करार’ घरमालक-भाडेकरूंतही होतो. तह होतो दोन सत्तांमध्ये: पुरंदरचा, सालबाईचा, वसईचा. अमेरिकी संविधान तहाला देशाचा सर्वोच्च कायदा मानतं, म्हणून ही छटा महत्त्वाची. ‘अधिकार’ला खुर्चीचा वास येतो; ‘हक्क’ वारसाचा असतो.

तहाच्या मूळ वाक्यात मात्र याहून अवघड जागा आहेत. हक्क आहे तो ‘युज्वल अँड अकस्टम्ड’, म्हणजे नेहमीच्या सवयीच्या, ठिकाणी आणि सर्व नागरिकांसोबत, ‘इन कॉमन विथ’, मासे धरण्याचा. पहिल्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: वहिवाटीच्या जागा. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला बहुधा जन्मनदीतच परततो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळी लागली ती जागाच सर्वस्व.

दुसऱ्याचं, म्हणजे ‘इन कॉमन विथ’चं, भाषांतर ‘इतर नागरिकांप्रमाणेच’ असं केलंत, तर नकळत तुम्ही राज्य सरकारची बाजू घेतलीत. राज्याचं म्हणणं तेच होतं: सगळ्यांना जे नियम, तेच यांना. मासे टिकवायचे या कारणाने नद्या जाळ्यांना बंद होत आणि तहावर विसंबून मासे धरणारा माणूस तुरुंगात जाई. निस्क्वालींचे बिली फ्रँक ज्युनिअर यांना पहिली अटक १९४५ साली झाली, चौदाव्या वर्षी. पुढे पन्नासहून अधिक वेळा झाली. पण इतरांइतकंच मिळायचं असेल, तर तहात वेगळं कलम घालायचं कशाला?

इथे ‘सामाईक’ हा शब्द घ्या. सामाईक विहिरीत प्रत्येकाचा हिस्सा असतो, आणि आधी पंप लावला म्हणून एका भावाला ती उपसून नेता येत नाही. संघीय न्यायालयाचे न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी १२ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘इन कॉमन विथ’चा अर्थ असाच वाट्याचा लावला: अंडी घालायला पुरेसे मासे नदीत वर जाऊ दिल्यावर जे धरण्याजोगे उरतात, त्यांतले निम्म्यापर्यंत जमातींचे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल मुख्यतः कायम ठेवला. तेव्हापासून मत्स्यधोरणात जमाती राज्याच्या बरोबरीने बसतात; त्यांना ‘लाभार्थी’ लिहू नका, ‘सहव्यवस्थापक’ लिहा.

तहाची बोलणी जमातींच्या भाषेत झालीच नव्हती. ती चिनूक जार्गन या मोजक्या शब्दांच्या व्यापारी बोलीत झाली. म्हणून तहातला शब्द जमातींना तेव्हा जसा समजला असेल तसा वाचायचा, असं न्यायालयं मानतात. भाषांतर करतानाही मी हाच नियम पाळेन.

आता रावस. इंग्रजीत त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण तो वेगळ्याच कुळातला मासा. सॅमनला सॅमनच राहू द्या.