फ्रिजला कुलूप लावायचं का?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. मुलगा १७ वर्षांचा, स्वमग्न, मोजकेच शब्द बोलतो. तीन-चार महिन्यांपासून तो संध्याकाळी सारखा फ्रिज उघडतो आणि अडवलं की स्वतःचं मनगट चावतो. घरी येणारे सपोर्ट वर्कर म्हणतात, कुलूप लावा. एनडीआयएसमधून (इथली सरकारी अपंगत्व विमा योजना) बिहेविअर सपोर्ट प्रॅक्टिशनर, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधून आराखडा देणाऱ्या तज्ज्ञ, घेतल्या, तर त्या मुलाजवळ जेमतेम वीस मिनिटं बसल्या आणि तक्ते आम्हालाच भरायला दिले. मग त्यांचं काम काय? – एक आई

उत्तर : तक्ते भरून घेणं हे त्यांच्या कामातलं अर्धं काम आहे. चावल्यामुळे मुलाला काय मिळतं किंवा त्याचं काय टळतं, हे त्यांना शोधायचं असतं. वीस मिनिटांत ते दिसत नाही. त्यातून घरात पाहुणं माणूस बसलेलं असलं, की बरीच मुलं वेगळीच वागतात.

तक्त्यात चार रकाने असतात : वेळ, आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. ‘चिडला, त्रास दिला’ असं लिहून उपयोग नाही. ‘६.१० – फ्रिज उघडायला गेला, वर्कर दारात उभा राहिला – डावं मनगट चावलं, ३ मिनिटं – बिस्किट दिलं’ असं हवं. शेवटचा रकाना बहुतेक घरांत रिकामा राहतो आणि उत्तर नेमकं तिथंच असतं. चावल्यावर बिस्किट मिळत असेल, तर चावणं हीच त्याची मागण्याची भाषा झाली. दोन आठवडे सलग लिहा, रात्री आठवून नको, तिथल्या तिथं. शांत गेलेल्या संध्याकाळीही लिहा. त्या दिवशी काय वेगळं होतं, हे प्रॅक्टिशनरना वाईट दिवसांइतकंच उपयोगी पडतं.

त्याआधी मात्र डॉक्टरांकडे जाऊन या. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, जळजळ हे सांगता न येणारा मुलगा हात चावूनच सांगतो. आणखी एक : याच काळात रिस्पेरिडोन (चिडचिड कमी करायला देतात ते औषध) सुरू झालं आहे का, किंवा डोस वाढलाय का? त्या औषधानं भूक खूप वाढू शकते. तसं असेल तर फ्रिजकडे पळणं हा हट्ट नाही, खरीच भूक आहे. औषध मनानं बंद करू नका. तारखा आणि वजन लिहून डॉक्टरांना दाखवा.

आता कुलूप. वागण्याला आवर घालण्यासाठी एखाद्या वस्तूपर्यंत पोचू न देणं हा ‘पर्यावरणीय प्रतिबंध’ ठरतो. एकांतात कोंडणं, औषधानं, साधनानं किंवा हातानं अडवणं हे बाकीचे चार प्रकार. आईवडिलांनी स्वतः लावलेल्या कुलपाला एनडीआयएस आयोगाचे (या योजनेतल्या सेवांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०१८ चे नियम थेट लागू होत नाहीत. पण सेवासंस्थेच्या वर्करनं किल्ली फिरवली, की लागू होतात. मग संस्था नोंदणीकृत हवी, प्रॅक्टिशनर तयार करतात त्या वर्तन-आराखड्यात त्या कुलपाची नोंद हवी आणि राज्याच्या पद्धतीप्रमाणे परवानगी हवी. असा प्रतिबंध चालू असेल तर प्रॅक्टिशनरनं काम हाती घेतल्यापासून एका महिन्यात तात्पुरता आणि सहा महिन्यांत सविस्तर आराखडा द्यायचा असतो. किमान वर्षातून एकदा त्याची फेरतपासणी होते. परवानगीवाचून वापर झाला, तर संस्थेला तो आयोगाला कळवावा लागतो. ‘लावून टाका’ म्हणणाऱ्या वर्करला हे बहुधा ठाऊक नसतं.

आमच्या मते कुलूप लावू नये, कारण ते मागण्याची दुसरी रीत शिकवत नाही. फ्रिजमधला एक कप्पा त्याच्या नावाचा करा आणि खाऊच्या वेळा, समजा ४ आणि ६, चित्रांच्या पट्टीवर लावा. फ्रिजच्या दारावर खाऊचं चित्रकार्ड ठेवा. त्यानं कार्ड हातात दिलं की पहिले दोन-तीन आठवडे लगेच द्यायचं, मोजून दोन-तीन सेकंदांत; पण थोडंसंच, काकडीच्या चार फोडी किंवा अर्धं केळं. ‘थांब जरा, पोळी होतेय’ म्हटलं, की कार्ड फुकट गेलं. चावणं कार्डापेक्षा लवकर फळतं, हे त्याला एका दिवसात कळतं. कार्ड पक्कं झालं की मग थांबायला शिकवा : ५ सेकंद, १५, ३०.

आजी ‘खाऊ’ म्हणते आणि वर्कर ‘स्नॅक’, असं असेल तर दोघांनी तेच चित्र वापरायचं. आराखडा इंग्रजीत येतो. आजीसाठी एक पानी मराठी उतारा प्रॅक्टिशनरकडे हक्कानं मागा.

चावल्यावर काही मिळेनासं झालं, की सुरुवातीला चावणं वाढतं. घाबरून तेव्हाच बिस्किट दिलंत, तर जास्त जोरात चावायला शिकवलंत. जखम होऊ देऊ नका, मनगटावर जाड बाहीचा शर्ट घाला. बोलणं कमी, चेहरा शांत.

प्रश्न : मुलीचं रात्रीचं औषध आराखड्यात ‘रासायनिक प्रतिबंध’ म्हणून लिहिलंय. आम्ही काही बेकायदा करतोय का? – एक वडील, सिडनी

उत्तर : नाही. औषध कशासाठी दिलंय त्यावर हे नाव ठरतं. अपस्मारासाठी किंवा निदान झालेल्या मानसिक आजारावर दिलं असेल तर प्रतिबंध नाही. निव्वळ वागणं शांत करायला असेल तर आहे. म्हणून हेतू डॉक्टरांकडून लेखी घ्या. ‘लागेल तसं’ द्यायच्या औषधाचा कागद मोघम असला की ते वर्करच्या सोयीनं दिलं जातं. काय दिसलं की द्यायचं, त्याआधी काय करून पाहायचं, दोन डोसांत किती तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त किती, हे चारही त्यात हवं. औषध कमी कसं करत नेणार, हेही आराखड्यात असायला हवं. नसेल तर विचारा.

प्रश्न : मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे. ऑस्ट्रेलियात बिहेविअर सपोर्ट प्रॅक्टिशनरचं काम मिळेल? – एक वाचक

उत्तर : एकच ठरावीक पदवी लागत नाही; मानसशास्त्र, ऑक्युपेशनल थेरपी, वाचोपचार, समाजकार्य, विशेष शिक्षण अशा वाटांनी लोक येतात. पण आयोगानं तुम्हाला प्रॅक्टिशनर म्हणून योग्य ठरवावं लागतं. आपल्याकडची भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) नोंदणी तिथं आपोआप चालत नाही. क्षमतेच्या चार पायऱ्या आहेत आणि सुरुवात बहुधा पहिल्या पायरीवर, अनुभवी पर्यवेक्षकाच्या हाताखाली होते. नावं काढून टाकलेले तुमचे वर्तन-नोंदींचे तक्ते आणि त्यावरून केलेला एखादा आराखडा आतापासून जपून ठेवा.