स्टुडिओ बंद पडतात, म्हणून लेकीला अडवायचं का?

ताई,

लेकीला बारावीनंतर अ‍ॅनिमेशन शिकायचंय. पण अमेरिकेतला ब्लू स्काय स्टुडिओ बंद पडल्याचं वाचून तुमच्या पोटात गोळा आला. ‘एवढा नावाजलेला स्टुडिओ टिकला नाही, तिथे हिचं काय?’ असं तुम्ही विचारलंय.

भीती खोटी नाही. १९८७ पासून चाललेला स्टुडिओ, ‘आइस एज’ चित्रपटांची मालिका नावावर, ‘बनी’ या लघुपटाला ऑस्कर. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजन व्यवसाय विकत घेतला, त्यात हा स्टुडिओही गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंदची घोषणा, एप्रिलमध्ये टाळं. साडेचारशेच्या आसपास माणसं होती. काम वाईट होतं असं कुणी म्हटलं नाही. डिस्नेकडे घरचा स्टुडिओ होता, पिक्सार होता. कोरोनाच्या काळात तिसरा पोसणं परवडत नाही, एवढंच कारण दिलं गेलं. थोडक्यात, लेक कितीही जीव ओतून काम करो, मालकांचे सौदे तिच्या हातात नसणार. हे तिला आत्ताच सांगा, गोड करून सांगू नका.

तिथे ‘निमोना’ नावाचा चित्रपट अर्ध्यात रद्द झाला होता. तो पुढे अमेरिकेतल्याच अन्नपूर्णा पिक्चर्सने उचलला, वेगळ्या स्टुडिओकडून पूर्ण करून घेतला आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने दाखवला. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. दिग्दर्शक दोघेही जुने ब्लू स्कायवालेच. अर्थात अशी दुसरी संधी प्रत्येक चित्रपटाला मिळत नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ब्लू स्कायने रेंडरिंगचं, म्हणजे संगणकातल्या आकारांवरून पडद्यावरचं अंतिम चित्र तयार करण्याचं, सॉफ्टवेअर स्वतःच घडवलं होतं. अशा घरच्या सॉफ्टवेअरची बटणं तेवढी पाठ असलेल्या माणसाला दुसऱ्या दारात ती उपयोगी पडत नाहीत. प्रकाश कुठून येतो, वजन कुठल्या पायावर आहे, हे ज्याला दिसतं तो नवं सॉफ्टवेअर शिकून घेतो. म्हणून चित्रकला सोडू देऊ नका. दुसरं म्हणजे शोरील, आपल्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, जो दाखवून काम मागतात. नोकरीत केलेलं काम सहसा कंपनीच्या मालकीचं असतं. चित्रपट रद्द झाला, तर दोन वर्षांची मेहनत कुणाला दाखवताही येत नाही. करारावर सही करण्याआधी तिने हे कलम वाचावं, आणि वर्षाला एखादा छोटा तुकडा पूर्णपणे स्वतःचा करावा. (नोकरीत असताना केलेलं खासगी कामही काही करार कंपनीचंच मानतात. तेही बघायचं.)

कोर्सबद्दल थोडक्यात: प्लेसमेंटचे आकडे विचारू नका, मागच्या तुकडीची शोरील्स मागा. दाखवायला का-कू केली, तर उठून या. मोठं कर्ज तर नकोच. या धंद्यात दोन प्रोजेक्टांच्या मध्ये रिकामे महिने येतात आणि हप्ता थांबत नाही.

फी भरण्याआधी महिनाभर तिला ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर बसू द्या, ते फुकट मिळतं. दोन उसळणारे चेंडू करायला सांगा, एक लोखंडी, एक रबरी, दोन्ही एकाच रंगाचे. कुठला कुठला हे तिने न सांगता तुम्हाला ओळखता आलं, की मला पुन्हा लिहा. मग कॉलेजांचं बोलू.