हसू-रडू आवरत नाही तेव्हा : पॉन्समधील पक्षाघातानंतरचा एक अनुभव

पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक समुपदेशनाला येतात तेव्हा चालणे, बोलणे, गिळणे यांविषयी त्यांनी डॉक्टरांना विचारलेले असते. माझ्यापाशी येतो तो प्रश्न बहुधा संकोचापोटी मागे राहिलेला असतो. ‘हे उगाचच रडतात’, किंवा त्याहून अवघड म्हणजे ‘हे भलत्या वेळी हसतात, डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?’ अशाच प्रश्नाने हैराण झालेल्या एका कुटुंबाविषयी येथे लिहीत आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका निवृत्त गणित शिक्षक, करड्या शिस्तीचे. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात आणि पाय अशक्त झाला होता आणि उच्चार जड झाले होते, परंतु समज शाबूत होती. दवाखान्यातून घरी आल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्या धाकट्या भावाचे निधन झाले. भेटायला गेलेले असताना, भावजय समोर बसून रडत असताना, काका मोठ्याने हसू लागले आणि त्यांना ते थांबवता येईना. त्या घराने बोलणे टाकले. उलट नातू पाया पडायला वाकला की काका हुंदके देत, त्यामुळे सूनबाईंनी मुलाला त्यांच्यासमोर नेणे हळूहळू बंद केले होते. काकूंच्या मते ‘माणूसच बदलला’. मुलाच्या मते बाबा खचले होते आणि ते लपवत होते.

मुलाने सोबत एमआरआयचा अहवाल आणला होता. त्यात पॉन्सच्या, म्हणजे मेंदूच्या देठातील मधल्या भागाच्या, डाव्या बाजूला, मध्यरेषेलगत, रक्तपुरवठा तुटल्याची नोंद होती. पॉन्स हा शब्द इंटरनेटवर शोधून त्याने ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’विषयी, म्हणजे शुद्ध असूनही डोळ्यांखेरीज जवळजवळ सारे शरीर निश्चल होण्याच्या अवस्थेविषयी, वाचले होते आणि श्वास केव्हाही बंद पडेल या धास्तीने तो रात्री उठून वडिलांची छाती हलते आहे का ते पाहत असे. म्हणून आधी त्याच्या भीतीकडे वळावे लागले आणि त्यासाठी कागदावर चित्र काढून पॉन्सची रचना समजावली.

मेंदूच्या देठाचे तीन भाग असतात: वर मध्यमस्तिष्क, खाली लंबमज्जा आणि मध्ये पॉन्स. त्याची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. १५७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात कोस्तान्झो व्हारोलिओ या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने मेंदू वरून कापत जाण्याऐवजी तळाकडून उलगडून त्याचे वर्णन केले, आणि समोरून पाहिल्यास हा भाग इतका ठळक फुगलेला दिसतो की तळाकडून पाहण्यामागचे कारण लगेच लक्षात येते. पॉन्सच्या पाठीमागे चौथे मस्तिष्कविवर आणि त्याच्यामागे लहान मेंदू असतो. समोरच्या फुगवट्याच्या मध्यभागी एक उथळ खाच असते. मानेतून वर आलेल्या दोन कशेरुक धमन्या एकत्र येऊन बनलेली बॅसिलर धमनी बहुधा त्या खाचेतून वर जाते. तिच्या बारीक फांद्या सरळ आत शिरतात आणि मध्यरेषा ओलांडत नाहीत, त्यामुळे अशी एखादी फांदी बंद पडली की इजा त्या बाजूपुरतीच राहते. लॉक्ड-इन अवस्थेत समोरच्या भागाची दोन्हीकडे मोठी हानी झालेली असते. काकांच्या बाबतीत तसे घडले नव्हते. श्वासाची मूळ लय लंबमज्जेत तयार होते आणि पॉन्स तिची जुळणी करतो, हेही मी मुलाला सांगितले. न्यूरॉलॉजिस्टकडून त्याची खातरजमा करून घेतल्यावरच त्याची रात्रीची पहाऱ्याची सवय सुटली.

आता हसण्या-रडण्याचे. पॉन्सच्या समोरच्या भागात दोन प्रकारचे तंतू एकमेकांत गुंफलेले असतात. उभे तंतू मोठ्या मेंदूचे आदेश खाली नेतात: काही हातापायांसाठी, तर काही चेहरा, जीभ आणि घसा हलवणाऱ्या केंद्रांसाठी, ज्यांपैकी चेहऱ्याचे केंद्र पॉन्सच्याच खालच्या, मागच्या भागात असते. हातापायांचे तंतू पुढे लंबमज्जेत बाजू बदलतात, म्हणूनच डावीकडची इजा काकांच्या उजव्या अंगावर दिसत होती. आडवे तंतू पॉन्समधील पेशीसमूहांतून निघून विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूत जातात, आणि मोठ्या मेंदूला प्रसंगाचे जे भान असते ते या वाटेने लहान मेंदूपर्यंत पोहोचते. हसणे-रडणे किती, केव्हा आणि कोणासमोर, याची मोजदाद लहान मेंदू करतो आणि ही वाट तुटली की ती मोजदाद चुकते, अशी मांडणी २००१ मध्ये परविझी, दमासिओ या मेंदू-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. सगळ्याच रुग्णांना ती लागू पडत नाही, मात्र काकांसारख्या रुग्णांना समजून घेताना मला ती उपयोगी वाटते. अर्धांगवायूच्या रुग्णांना रडू लवकर फुटते हे तर डार्विनने १८७२ मध्येच लिहून ठेवले होते.

काकूंना एवढे तंतू नको होते. त्यांना मी म्हटले, “काकू, शेगडीचे बटण ढिले झाले की मंद आच ठेवायला जावे तर ज्योत एकदम भडकते. त्यावरून आत काय शिजते आहे ते कळत नाही.” त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, “मग त्यांच्या मनात काय होते, ते कोण सांगणार?”

ते काकांनाच विचारायला हवे होते आणि तोवर कोणीही विचारले नव्हते. माझा प्रश्न साधा होता: भावाच्या घरी हसू आले तेव्हा आत काय वाटत होते? बराच वेळ घेऊन, शब्द जुळवत ते म्हणाले, “लाज. आणि... त्याचीच आठवण.” मुलगा खाली पाहू लागला.

हसू-रडू न आवरण्याच्या या अवस्थेत हसण्याचा किंवा रडण्याचा झटका काही सेकंद ते काही मिनिटे टिकतो, अगदी क्षुल्लक कारणाने येतो, आणि ओसरल्यावर रुग्ण पूर्ववत होतो. नैराश्यात मात्र उदासी दिवस-दिवस राहते, झोप आणि भूक बिघडते, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात. पक्षाघातानंतर ही दोन्ही एकाच माणसात असू शकतात, त्यामुळे एक दिसले म्हणून दुसरे नाही असे गृहीत धरू नये. काका झटक्यांच्या मधल्या वेळेत वर्तमानपत्रातील कोडी सोडवत होते, जेवण व्यवस्थित होते. तरीही मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले. नैराश्यावरील काही औषधे कमी मात्रेत या झटक्यांवरही उपयोगी पडतात, आणि डॉक्टरांनी त्यांपैकी एक सुरू केले.

घरच्यांसाठी आम्ही जे ठरवले ते साधेच होते. झटका आला की ‘रडू नका’ असे कोणी म्हणायचे नाही आणि सगळ्यांनी भोवती गोळाही व्हायचे नाही, कारण त्याने झटका लांबतो. नजर वळवून चालू असलेले बोलणे पुढे न्यायचे. काकांनी बसण्याची स्थिती बदलून सावकाश श्वास घ्यायचा. पाहुण्यांना दारातच सांगायचे, “आजारामुळे त्यांना हसू-रडू आवरत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका.” नातवाला आजीनेच समजावले आणि तो प्रौढांपेक्षा लवकर रुळला. भावजयीकडे मुलगा एकटा गेला आणि बाबांचे उत्तर तसेच्या तसे सांगून आला. झटके पूर्ण थांबले नाहीत, परंतु विरळ झाले आणि लवकर ओसरू लागले.

आपल्या घरी असे घडत असेल, तर रुग्णाची परवानगी घेऊन एका झटक्याचे मोबाईलवर चित्रीकरण करावे, तो किती वेळ टिकला आणि ओसरल्यावर रुग्ण स्वतः काय म्हणाला ते लिहून ठेवावे, आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवाव्यात. तपासणीच्या खोलीत झटका बहुधा येत नाही. मात्र नव्याने तोल गेला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, गिळताना ठसका लागू लागला किंवा अशक्तपणा अचानक वाढला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.