टमी टकच्या आधी शेकाची फाइल शोधा

इंग्लंडमधल्या स्लाउहून एक ताई लिहितात: “नऊ वर्षांपूर्वी पुण्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी २५ शेक, म्हणजे बाहेरून रेडिएशन, घेतले, नंतर तीनदा आतून रेडिएशन झालं. आता सगळं क्लिअर आहे. पण दोन सिझेरियननंतर पोट ओघळलंय. परकराची नाडी बांधली की वर घडी लोंबते. पुढच्या उन्हाळ्यात लेकीचं अरंगेत्रम, म्हणजे नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम आहे, साडी नेसायची लाज वाटते. दिवाळीत तीन आठवडे भारतात जातोय, तेव्हा टमी टक, म्हणजे पोट घट्ट करायचं ऑपरेशन, उरकून घ्यावं म्हणते. सर्जननी व्हिडिओ कॉलवर फोटो बघून हो म्हटलंय, खर्चही इथल्यापेक्षा कितीतरी कमी. ह्यांना पटत नाही, सासूबाई म्हणतात या वयात कशाला. तुमचं काय मत?”

ताई, ‘उरकून घ्यावं’ या शब्दाशी मी अडखळले. फराळ उरकतो, बँकेची कामं उरकतात. शेक घेतलेल्या पोटावरचं ऑपरेशन तीन आठवड्यांच्या सुटीत उरकत नाही. तुमची इच्छा मला मुळीच फालतू वाटत नाही. सदतिसाव्या वर्षी कॅन्सर झेललेल्या बाईला आरशात बरं दिसावंसं वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. माझा राग एवढाच आहे की पत्रात खर्च आहे, तारखा आहेत, पण शेक पोटाच्या नेमक्या कुठल्या भागावर दिले होते हे एका ओळीतही नाही. आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

किरणं कॅन्सरच्या पेशी मारतात, तशीच वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करतात. त्या वाहिन्या हळूहळू अरुंद होतात आणि भोवतीचं मांस तंतुमय, कडक होत जातं. नऊ वर्षं झाली म्हणजे परिणाम ओसरला असं नसतं, तो वर्षांबरोबर वाढूही शकतो. वरून कातडी छान दिसते म्हणून फसू नका. शेक देणाऱ्या लिनियर अ‍ॅक्सिलरेटरच्या किरणांचा जोर कातडीवर कमी आणि तिच्या एक ते तीन सेंटीमीटर खाली जास्त असतो. फोटोवरून ‘हो’ म्हणणाऱ्याला हे दिसणार कसं?

आता टमी टकमध्ये काय होतं ते बघा. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खाली छेद घेतात. कातडी आणि चरबी स्नायूंपासून सोडवत बरगड्यांपर्यंत नेतात, सैल झालेले स्नायू मधोमध शिवून घट्ट करतात, बेंबीखालची कातडी कापून टाकतात आणि वरची खाली ओढून शिवतात. सोडवताना स्नायूंतून वर येणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. ओढलेली कातडी मग दोन्ही बाजूंनी, बरगड्यांच्या फटींतून येणाऱ्या रक्तावर जगते. त्या रक्ताला सगळ्यांत लांब पडते ती खालची मधली जागा, आणि निरोगी बाईतही टाके उसवतात ते बहुधा तिथेच.

काही सर्जन म्हणतात, “शेक घेतलेली कातडी तर आपण काढूनच टाकतोय.” हे अर्धं खरं आहे. तुमच्या आजारात ओटीपोटाच्या शेकाची वरची हद्द बहुधा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास, म्हणजे बेंबीच्या जरा खाली असते. तशी असेल तर खाली ओढली जाणारी कातडी शेकाबाहेरची आहे. तरीही टाक्यांची खालची कड आणि आतली गादी शेकलेलीच राहते, पण सर्जनला काही वाव असतो. मात्र मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या लिम्फच्या गाठींसाठी शेक वर, कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत नेला असेल, तर ओढली जाणारी कातडीच मधोमध शेकलेली निघेल. जांघांतल्या गाठींना शेक दिला असेल, तर छेदाची सगळी खालची बाजूच कच्ची. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे हर्नियाचे टाके अशाच जागी तिसऱ्या आठवड्यात उसवले, जखम भरायला पाच महिने लागले.

म्हणून आधी फाइल. रेडिएशन विभागाकडे ‘ट्रीटमेंट समरी’ मागा. त्यात एकूण डोस हवा (२५ शेक म्हणजे बहुधा ४५ ते ५० ग्रे, ग्रे हे डोस मोजायचं माप, जुन्या कागदावर ५००० सेंटीग्रे असेल तर ते ५० ग्रेच), सुरू आणि संपल्याच्या तारखा, मशीन कोबाल्ट की लिनियर अ‍ॅक्सिलरेटर, शेकाची वरची-खालची हद्द आणि गाठींना जादा डोस दिला का, हेही. आतून दिलेल्या रेडिएशनची पोटाच्या कातडीपुरती काळजी नको, त्याचा जोर थोड्या अंतरातच संपतो. भारतात भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा २००२चा नियम आहे. तुम्हाला नऊ वर्षं झालीत, त्यामुळे आशा धरून बसू नका, आजच विचारा. उपचार ब्रिटनमध्ये झालेल्यांना कागद लेखी मागणीवर फुकट आणि सहसा महिन्याभरात मिळतात.

आंघोळीनंतर आरशासमोर एक पाहणी करा. ओटीपोटावर मध्ये एक आणि दोन्ही कुशींवर एकेक, तिळाएवढे निळे ठिपके गोंदलेले आहेत का? ती शेकाची खूण. कुठे केस उगवलेच नाहीत, कुठे लाल बारीक नसांचं जाळं आहे, कुठे कातडी चिमटीत येत नाही, तेही टिपा आणि फोटो काढून ठेवा. सर्जनला ही पाहणी कागदाइतकीच उपयोगी पडते.

आणखी एक. पोट खरंच कातडीमुळे लोंबतंय की आत काही आहे? कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचं पोट वाढलं तर आधी ऑन्कॉलॉजिस्टची तपासणी, गरज पडली तर सीटी, आणि मगच सौंदर्याचा विचार. उताणं पडून मान उचलल्यावर मधोमध उंचवटा आला तर स्नायूंची फट किंवा हर्निया असू शकतो. फट असेल तर फिजिओथेरपीने काहींना पुष्कळ फरक पडतो. लायपोसक्शन सोपं म्हणून त्याकडे वळू नका. कडक झालेल्या मांसात नळी सरळ जात नाही आणि खाली न कळलेला हर्निया असेल तर आतड्याला इजा होऊ शकते. कातडी न सोडवता फक्त लोंबती घडी काढण्याचा पर्याय जरूर विचारा. पायावर सूज येत असेल तर तेही सांगा, कारण खालचा छेद लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तोडतो आणि सूज वाढू शकते.

सुटीचा हिशेबही बसत नाही. निचऱ्याच्या नळ्या कधी दोन आठवडे राहतात, पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे. टाके उसवायचा काळ दुसरा-तिसरा आठवडा, म्हणजे तुम्ही विमानात किंवा स्लाउमध्ये, आणि इथल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, ऑपरेशनचा कागदच नाही. पूर्वीचा कॅन्सर, मोठं ऑपरेशन आणि नऊ-दहा तासांचं उड्डाण यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पाळी लवकर गेल्यामुळे हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही वाढतो, पॅचने तसा वाढत नाही. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारा. साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. तपकीर, मिश्री, सिगारेट, निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा किमान चार आठवडे आधी बंद.

तुमच्या ह्यांचं आणि सासूबाईंचं म्हणाल तर शरीर तुमचं आहे. त्यांच्याशी वाद नको, त्यांना फाइल शोधायला लावा. खर्चाचं नंतर बघू. अरंगेत्रमला ब्लाउज लांब शिवून घ्या, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर घाला. फाइल बहुतेक पुण्याच्या घरी गोदरेजच्या कपाटावर, सीटीच्या मोठ्या पाकिटात असेल. भावाला फोन करा. तिथे रात्र झाली असेल तर उद्या सकाळी.